आबांच्या नावाआधी

॥ श्री ॥
(वरचं अक्षर पेनाने काढलेलं आहे. ‘श्री’च आहे. चष्मा लावून खात्री करून घ्यावी.)

मु. पो. कळंब, ता. इंदापूर
सोमवार

तीर्थरूप आबा,

कळंबहून जावई सर्जेराव आपल्या पायांवर डोकं ठेवतो, आणि या वेळी ते जरा जास्त वेळ तिथंच ठेवतो, कारण वर बघायची हिंमत नाही.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. कौसल्या बरी आहे, श्रेया बरी आहे, लग्नाची खरेदी निम्म्याहून जास्त झाली आहे. तिकडे आपली प्रकृती कशी आहे? हे मी दर पत्रात विचारतो तसं रिवाज म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतो. जेवण जातं का, झोप लागते का, देवळापर्यंत चालत जाताना दम लागतो का, आणि मुख्य म्हणजे गेल्या मंगळवारपासून काही निराळं जाणवतं का, हे सविस्तर कळवावं. शेळ्यांना पाला घालायला आपण अजून स्वतः जाता ना? जात असाल तर फार आनंद आहे. पण विहिरीच्या कडेने जाऊ नये, भर उन्हात जाऊ नये, आणि तो मोठ्या शिंगांचा बोकड आहे त्याच्या पुढून लग्न पार पडेपर्यंत तरी जाऊ नये. बोकडाला पाला शेजारच्या तात्याबांनी घालावा. (तात्याबांचं नाव पत्रिकेत नाही, त्यामुळे त्यांना धोका नाही. या वाक्याचा अर्थ पुढे लागेल.)

आपण शनिवारी फोन करून कौसल्येला विचारलंत, की मंगळवारी तुझा नवरा मोरगावच्या स्टँडवर सुटलेल्या एस.टी.च्या मागे पळताना तात्याबांना दिसला, तो गावात येऊन घरी का आला नाही. मी तिला सांगितलं, की माझ्यासारखा दिसणारा दुसरा कुणीतरी असेल. त्यावर कौसल्या म्हणाली, दिसणारा असेल, पण तसा पळणारा दुसरा नसेल. तेव्हापासून ती माझ्याकडे बघते आणि मी भिंतीकडे बघतो. म्हणून हे पत्र. फोनवर बोललो असतो, पण आपण फोनवर समोरच्याचं सगळं ऐकून घेऊन मग काहीच बोलत नाही, आणि मी घाबरून फोन ठेवून देतो. कागदावर निदान आपल्या गप्प बसण्याचा आवाज येत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. (मुद्द्याचं सांगायचं ठरवून सकाळपासून हा चौथा कागद घेतला आहे.) श्रेयाच्या लग्नपत्रिकेत आपल्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. नावात चूक नाही. गेणबा हे नाव अगदी ठसठशीत आलं आहे. चूक नावाच्या आधी आहे. लहानच आहे, एक अक्षर आणि एक टिंब. पण त्या एका टिंबापायी आपण रागावून नातीच्या लग्नाला आला नाहीत, तर श्रेया रडेल, कौसल्या जन्मात माझ्याशी बोलणार नाही आणि मला स्वतःला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माझ्या चुलतभावाच्या लग्नात पत्रिकेवर आपलं नाव खालून दुसरं छापलं गेलं, म्हणून आपण मांडवाच्या दारातून परत फिरला होतात, हे मी विसरलेलो नाही. तेव्हा नाव फक्त खाली गेलं होतं. या वेळी ते बरंच वर गेलं आहे.

हे कसं झालं ते कळायला मशीनपासून सुरुवात करावी लागेल. आपण चार शेळ्या विकून मला कॉम्प्युटर घेऊन दिलात, त्याला वीस वर्षं होऊन गेली. छापखान्यात कंपोझिंगचे खिळे जुळवत बसणाऱ्या जावयाला आपण एका दिवसात कॉम्प्युटरवाला केलंत. (ते मशीन एस.टी.तून आणताना आपण ते मांडीवर घेतलं होतं आणि मला उभं ठेवलं होतं.) त्यात जुनी विंडोज होती, एक्सपी नावाची, आणि मराठी जुळवायचा एक प्रोग्राम. त्या प्रोग्रामला एक कुलूप होतं. अंगठ्याएवढा एक तुकडा, त्याला डोंगल म्हणतात, तो मशीनच्या पाठीत खुपसल्याशिवाय प्रोग्राम उघडायचा नाही. अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका मी त्यावर जुळवल्या. बारशी, मुंजी, वास्तुशांती, आणि नाइलाजाने दहाव्याची कार्डंसुद्धा. पाच वर्षांपूर्वी आई गेल्या तेव्हा त्यांच्या दहाव्याचं कार्डही त्यावरच निघालं. आपण स्वतः प्रेसमध्ये येऊन बसला होतात. ‘कै. लीलाबाई’ या अक्षरांखालून आपण एकदा बोट फिरवलंत, आणि मग मला म्हणालात:

“सर्जेराव, माजं कार्ड बी तुमीच छापा. पन घाई करू नगा.”

मी हो म्हणालो होतो. आबा, मला ते अजून तसंच्या तसं आठवतं, आणि गेल्या मंगळवारपासून तर जरा जास्तच आठवतं.

आणखी एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, म्हणजे सगळा राग एकदम येईल आणि एकदम जाईल. आपण दर दिवाळीला विचारता, की आपलं मशीन काय म्हणतंय, आणि मी सांगतो, उत्तम. आबा, आपलं मशीन गेल्या माघात वारलं. आधी नुसता वास आला, मग पाठीतून धूर आला, मग ते एकदा शिट्टी वाजवल्यासारखं वाजलं आणि थांबलं. मी आपल्याला कळवलं नाही, कारण चार शेळ्या डोळ्यांपुढे आल्या. दसऱ्याला आपण त्याची पूजा करायला येता, म्हणून त्याचा डबा टेबलावर तसाच ठेवला आहे, वर कौसल्येने विणलेला रुमालही आहे. मागच्या दसऱ्याला आपण ज्याला झेंडूचा हार घातलात, तो नुसता डबा होता. (हार मात्र वाया गेला नाही, खरं मशीन टेबलाखाली होतं.)

टेबलाखालचं मशीन नवं. ते बारामतीहून आणलं, आनंदकडून. आनंद म्हणजे बारामतीत मार्केट यार्डाच्या अलीकडे कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो, चाळिशीचा, शांत स्वभावाचा माणूस. मला तो काका म्हणतो आणि मी त्याला डॉक्टरसारखा भितो, कारण मशीन उघडून आत बघितल्यावर तो आधी जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करतो. त्याने मला चांगला सल्ला दिला होता, तोही सांगतो, उगाच त्याच्यावर बोल नको. तो म्हणाला, काका, जुन्या विंडोजला सोडून द्या, नवीन घ्या, मराठी आता सगळीकडे आपोआप उमटतं. पण माझी वीस वर्षांची सवय त्या प्रोग्राममध्ये, प्रोग्राम त्या डोंगलमध्ये, डोंगल त्या विंडोजमध्ये, आणि आपण तर श्रेयाचं ठरल्या दिवशीच सांगितलेलं, की नातीची पत्रिका आपल्याच मशीनवर निघाली पाहिजे. मशीन तर नव्हतं. मी विचार केला, निदान त्याचा आत्मा तरी नव्या शरीरात घालू. आनंद ‘च्च’ म्हणाला.

पत्रिकेआधीचे आठ दिवस माझे कसे गेले ते माझं मला माहीत. जुन्या विंडोजची सीडी आत घातली, आणि पडदा निळा झाला. नुसता निळा, वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी. मला वाटलं, सरकारी नोटीस आली. मी हात जोडून उभा राहिलो. आनंदला फोन केला, तो म्हणाला, काका, खालचे आकडे वाचून दाखवा. मी शून्य, एक्स, शून्य, शून्य असं वाचत गेलो आणि प्रत्येक शून्याला माझा आवाज खाली येत गेला. तो म्हणाला, नव्या डिस्कची बोली जुन्या विंडोजला कळत नाही, आतली एक सेटिंग बदला म्हणजे डिस्क जुन्या बोलीत बोलेल. ती सेटिंग कुठं आहे ते त्याने सांगितलं आणि वर सांगितलं, की तिथं दुसरं कशाला हात लावू नका. आबा, असं कुणी सांगितलं की मला दुसरं काहीच दिसत नाही. मी कौसल्येला शेजारी उभं केलं आणि सांगितलं, माझा हात इकडेतिकडे जाताना दिसला तर मनगट धर. तिने आधीपासूनच धरून ठेवलं.

विंडोज आत गेली. पण नव्या मशीनला जुन्या विंडोजमधून काही दिसेना. पडद्याला सोळाच रंग कळायचे, त्यामुळे पत्रिकेवरचा गणपती जांभळा झाला आणि अंगाने दुप्पट रुंद झाला. सगळी अक्षरं जेवून आल्यासारखी दिसायला लागली. कीबोर्ड चालेना, माउस चालेना, कारण चपट्या पिनेची सोय जुन्या विंडोजला ठाऊक नाही आणि गोल पिनेचं भोक नव्या मशीनला एकच. मग आनंदने एक दोन तोंडांची वायर दिली. एका तोंडाला कीबोर्ड, एकाला जुना, पोटात गोळी असलेला माउस. ती वायर सैल होती. माझा गुडघा लागला की माउस जागच्या जागी मरायचा, की मशीन बंद करून पुन्हा चालू. (माझा गुडघा भीतीने हलतो. तेव्हा दिवसात किती वेळा हे झालं ते मोजलं नाही.) डोंगलसाठी पाठीत वेगळी खाच बसवावी लागली. आनंदने हेही बजावलं, की या विंडोजला इंटरनेटची वायर चुकूनसुद्धा लावू नका, दार उघडं टाकून परगावी गेल्यासारखं होईल. मी वायर काढली, गुंडाळली, ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावलं. ट्रंकेत श्रेयाचा शालूही होता, त्यामुळे शालू बघायला आलेल्या बायकांना मी तासभर किल्ली सापडत नाही म्हणून बसवून ठेवलं.

एवढं होऊन शेवटी प्रोग्राम उघडला. आबा, मला रडू आलं. जुना ओळखीचा करडा चेहरा, तसाच. फक्त फॉन्ट नव्हता, कारण तो जुन्या डिस्कबरोबर गेला होता. आनंदने कुठल्याशा जुन्या सीडीवरून त्याच नावाचा फॉन्ट शोधून आणला. नाव तेच, वळण तेच, मी समाधानाने पत्रिका जुळवली. आपल्याला माहीत नसेल म्हणून सांगतो, पत्रिकेत ‘श्री.’ इतक्यांदा लागतो की आम्ही छापणाऱ्यांनी त्याला एकच बटण ठेवलेलं असतं. एकदा दाबलं, श्री आला. या दुसऱ्या सीडीवाल्याने त्याच बटणावर दुसरं अक्षर ठेवलं होतं. तो बहुतेक दहाव्याची कार्डं छापणारा असावा. मी माझ्या सवयीने पडद्याकडे न बघता बोटं चालवली, आणि मग वर बघितलं, तर पत्रिकेतला प्रत्येक ‘श्री.’ हा ‘कै.’ झालेला.

पहिली ओळ होती, कै. गणेश प्रसन्न. मी दोन्ही कान धरले आणि ती ओळ आधी दुरुस्त केली. (तसा तो कैलासाचाच, त्यामुळे त्याने मनाला लावून घेतलं नसेल, असं मी स्वतःला समजावतो.) त्याखाली मी स्वतः कैलासवासी. माझे दोन्ही चुलते कैलासवासी. व्याही कैलासवासी. सगळ्यांचे आग्रहाचे निमंत्रण. आबा, मी बोट ठेवून मोजलं. अकरा ठिकाणी तसं झालं होतं. त्या फॉन्टात श्री सापडेना, म्हणून श, र आणि वेलांटी असे तुकडे जोडून मी एकेक श्री तयार केला. एक श्री झाला की गुडघा लागायचा, माउस मरायचा, मशीन बंद, पुन्हा चालू, पुन्हा पहिल्यापासून बघत यायचं. असे मी दहा जण, त्यात एक देव, जिवंत केले.

अकरावे आपण होतात.

आपली ओळ अशी आहे: कै. लीलाबाई व श्री. गेणबा, रा. मोरगाव, यांची नात. आईंच्या आधीचा ‘कै.’ खरा, तो मी अक्षर अक्षर जुळवून घातला होता. त्यामुळे दर वेळी मी त्या ओळीशी आलो, की माझी नजर पहिल्या ‘कै.’वर पडायची, मन म्हणायचं, हो, हा बरोबर आहे, याला हात लावायचा नाही, आणि मी पुढच्या ओळीवर जायचो. त्याच ओळीत, दोन शब्द सोडून, दुसरा उभा होता. कौसल्येने देवाच्या पत्रिकांना मंगळवारचा मुहूर्त काढलेला, सकाळची एस.टी. गाठायची होती. मी देवाच्या मानाच्या पाच पत्रिका तेवढ्या छापल्या, हळदकुंकू लावलं आणि निघालो.

मोरगावात पहिली पत्रिका मी स्वतः देवापुढे ठेवली. पुजाऱ्यांनी ती आत नेली. मी बाहेर नंदीसमोर बसलो. मन इतकं हलकं झालं होतं, की पिशवीतून दुसरी पत्रिका काढली आणि माझी लेक, माझे शब्द, माझं काम, म्हणून कौतुकाने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. घरी येऊन आपल्याला ही पत्रिका दाखवायची, असं ठरवलं होतं. आपल्या ओळीशी आलो आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग नंदीकडे बघितलं. तो कुठं बघतो आपल्याकडे.

मी परत आत धावलो. पुजाऱ्यांनी विचारलं, काय विसरलं. आता काय सांगणार? पत्रिका परत द्या म्हणालो, तर देवाला दिलेलं निमंत्रण परत घेतलं असं होतं, म्हणजे लग्नालाच अपशकुन. नाही म्हणावं, तर देवाच्या दरबारात आपण गेल्याची माझ्या सहीनिशी लेखी खबर. मी तिथंच उभा. मागची माणसं म्हणायला लागली, अहो, पुढं सरका. मी पुढं सरकलो तो बाहेरच आलो. आपलं घर तिथून किती, पाच मिनिटं. पण आपल्या दारात उभं राहून आपल्याला जिवंत बघायचं आणि पिशवीत आपला ‘कै.’, हे मला झेपणारं नव्हतं. आणि आपण पत्रिका दाखव म्हणाला असता. म्हणून मी स्टँडकडे पळालो. तात्याबांना दिसलो तो मीच.

आता नीट ऐकावं. उरलेल्या सगळ्या पत्रिका मी दुरुस्त करून छापल्या आहेत. त्यात आपला ‘श्री.’ इतरांच्या श्रीपेक्षा दोन नंबरांनी मोठा ठेवला आहे. देवाच्या पत्रिकांपैकी इथल्या गावदेवाची आणि जेजुरीची अजून माझ्या पिशवीतच होत्या, त्या बदलल्या. तुळजापूरची पोस्टात टाकायची होती, तीही थांबवली. चार झाल्या. पाचवीचं पुढे बघू. म्हणजे काळजीचं फारसं काही उरलेलं नाही, आणि जे उरलं आहे ते मी करतोच आहे. आपण राग धरू नये. आपण लग्नाला यावं. आपल्या मांडीवर बसून जे मशीन आलं त्याची मी राख केली, आणि त्याचं भूत नव्या डब्यात घालायला गेलो, ही माझी चूक. पण मला खरंच वाटत होतं, की आपण सांगितलं तसं व्हावं. आपल्या मशीनवर पत्रिका निघाली, एवढंच मला आपल्याला सांगायचं होतं.

तात्याबांना नमस्कार, लहानांना पापे, बोकडापासून लांब राहावं.

आपला (अजून तरी) जावई,
सर्जेराव

ता. क. मोरगावची पत्रिका तशीच आहे. ती परत आणायला मला तोंड नाही, पण आपण तर रोज दर्शनाला जाता. एक दिवस जरा जास्त वेळ समोर उभं राहावं, आपलं नाव गाव मोठ्याने सांगावं आणि एक प्रदक्षिणा जादा घालावी, म्हणजे कागदावर काही असलं तरी प्रत्यक्ष काय आहे ते त्याला दिसेल.

ता. क. दुसरा. पाचव्या पत्रिकेबद्दल. पाचवी मी देवासाठी म्हणून काढली होती, पण कौसल्या म्हणाली, व्याह्यांचा मान देवाबरोबरचा, आणि ती सकाळी मोरगावला जातानाच मी बारामतीत इंद्रजितरावांच्या दारात टाकली होती. व्याही परगावी होते, पत्रिका त्यांना परवा परतल्यावर मिळाली. इंद्रजितराव शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले आहेत, ते पत्रिका आपल्यासारखी वाचत नाहीत, तपासतात. काल त्यांचा फोन आला. म्हणाले, “सर्जेराव, आबांचं वाचलं.” मला वाटलं, चूक पकडली. मी म्हणालो, माझंच लक्ष कमी पडलं. ते म्हणाले, स्वतःला दोष देऊ नका, आणि विचारलं, कधी झालं हे. मी म्हणालो, मंगळवारी. अचानक का, म्हणाले. मी खरं तेच सांगितलं, की जुनं मशीन बंद पडलं होतं, बारामतीहून नवीन आणून लावलं, पण काही उपयोग झाला नाही. मग ते म्हणाले, शेवटी आपल्या हातात काही नसतं. आबा, तोपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता, की ते चुकीबद्दल बोलतच नाहीत. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही. त्यातून “चालायचंच” एवढं बाहेर पडलं.

ता. क. तिसरा. त्यांनी विचारलं, कौसल्याताई कशा आहेत. मी घाबरून खरं सांगितलं, तिला अजून काही सांगितलेलं नाही, लग्न झाल्यावर सांगणार आहे. ते फार दुखावले. म्हणाले, वडील गेलेले लेकीपासून लपवायचे, हे बरोबर नाही, गुरुवारी दुपारी आम्ही दोघं कळंबला येतो आणि मीच त्यांना शांतपणे सांगतो, लग्नाची तारीखही त्यांना विचारूनच ठरवू. त्यानंतर मी तीनदा फोन लावला. दोनदा पहिल्या रिंगला कापला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला, म्हणाले, धीर धरा, आणि मी म्हणालो, बरं. कौसल्या आत्ता स्वयंपाकघरात बेसन भाजते आहे, आपल्याला लग्नात आवडतात म्हणून जास्तीचे लाडू वळणार आहे, आणि मला इथं बसून तो वास सहन होत नाही.

म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता शंभूराज कंडक्टरच्या हातात देतो आहे. तो उद्या आपल्याला देईल, आणि बुधवारी सकाळी त्याच्याच गाडीत आपल्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवील. मी ओट्यावर खुर्ची मांडली आहे, दारात येणाऱ्याला सगळ्यात आधी आपणच दिसाल अशी. आपण काही बोलू नये, नुसतं बसावं, चहा प्यावा. आईंच्या कार्डाच्या दिवशी आपण मला एकच गोष्ट सांगितली होतीत, आणि मी ती पाळली नाही. मी घाई केली, आबा. आता तेवढी आपण करा.